दुसरं टोक कुठे उघडतं? डेडिकेटेड इंटरनेट आणि प्रायव्हेट लाइनबद्दल वाचकांचे प्रश्न

धंद्यासाठी जोडणी घेताना पडणारे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बऱ्याच पत्रांच्या मुळाशी एकच गोंधळ दिसतो: डेडिकेटेड इंटरनेट आणि प्रायव्हेट लाइन ही एकाच मालाची दोन नावं आहेत असं धरून दरांची तुलना केली जाते. म्हणून पहिलं उत्तर जरा सविस्तर दिलं आहे.

प्रश्न : आमचं मुख्य कार्यालय आणि गोदाम यांच्यात सुमारे ४० किलोमीटरचं अंतर आहे. गोदामातले बारा संगणक मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरवर काम करतात. एका पुरवठादाराने दोन्हीकडे १०० एमबीपीएसचं डेडिकेटेड इंटरनेट सुचवलंय, दुसऱ्याने दोन्ही जागा जोडणारी १०० एमबीपीएसची प्रायव्हेट लाइन. दोघंही ‘डेडिकेटेड’ म्हणतात आणि वेगही तोच. मग फरक कशात?

उत्तर : फरक दुसऱ्या टोकात आहे. डेडिकेटेड इंटरनेटमध्ये तुमच्या दारापासून पुरवठादाराच्या इंटरनेट गेटवेपर्यंतची (त्याचं जाळं जिथे इंटरनेटला जुळतं ती जागा) क्षमता फक्त तुमच्यासाठी राखलेली असते. १०० एमबीपीएस घेतले की जाताना १०० आणि येताना १००, दिवसाच्या कुठल्याही वेळी. गेटवेच्या पलीकडे मात्र तुमचा डेटा सगळ्या जगाच्या रहदारीत मिसळतो आणि तिथली हमी कुणीच देत नाही. प्रायव्हेट लाइनची दोन्ही टोकं तुमच्याच जागांमध्ये उघडतात. मधल्या प्रवासात डेटा इंटरनेटवर येतच नाही. त्यामुळे नुसत्या प्रायव्हेट लाइनवरून एकही वेबसाइट उघडणार नाही, हेही आधीच लक्षात घ्या. ती हवी असेल तर एका टोकाला इंटरनेट वेगळं घ्यावं लागतं.

म्हणजे आधी ठरवायचं ते हे, की गोदामातला डेटा जातो कुठे. हे अंदाजाने ठरवू नका. फायरवॉल म्हणजे जाळ्याच्या दारावरचं राखणदार उपकरण; त्यातला ट्रॅफिक रिपोर्ट किंवा नेटफ्लो (कुठला डेटा कुठे गेला याची नोंद) सुरू करा आणि महिनाअखेर त्यात येईल अशा बेताने किमान दहा दिवस मोजा. मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरकडे किती गेलं आणि बाहेर इंटरनेटवर किती, हे दोन आकडे वेगळे काढा.

त्यानंतर सॉफ्टवेअरचा स्वभाव बघा. हिशेबाची आणि साठ्याची जुनी सॉफ्टवेअर फार ‘बोलकी’ असतात: एक पान उघडायला सर्व्हरला दोनशे छोटे प्रश्न विचारतात, आणि एकाचं उत्तर आल्याशिवाय पुढचा विचारत नाहीत. प्रकाश काचेतून सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणून ४० किलोमीटरचा जाऊन-येऊन प्रवास ०.४ मिलिसेकंदाचा. मधली उपकरणं धरून प्रायव्हेट लाइनवर १ ते २ मिलिसेकंद दिसतील. १ मिलिसेकंद धरला तर दोनशे प्रश्नांना पाव सेकंदही लागत नाही. तेच इंटरनेटवरून, आणि दोन्हीकडचे पुरवठादार वेगळे असतील तर डेटा दूरच्या एखाद्या एक्स्चेंजला (पुरवठादारांची जाळी जिथे जुळतात ते केंद्र) वळसा घालून येऊ शकतो. फेरी २५ मिलिसेकंदांची झाली तर त्याच पानाला ५ सेकंद लागतात. दोन्हीकडे वेग १०० एमबीपीएसच आहे, तरी गोदामातला माणूस पडद्याकडे बघत बसतो.

तुमच्या वर्णनावरून सर्व्हरवरचं काम हाच मुख्य भार दिसतो. तसं असेल तर गोदामाला प्रायव्हेट लाइन, मुख्य कार्यालयाला डेडिकेटेड इंटरनेट आणि गोदामात राखीव म्हणून एक साधं ब्रॉडबँड, ही मांडणी आम्हाला योग्य वाटते. ते ब्रॉडबँड वगळू नका. ते नसेल तर मुख्य कार्यालयाची वीज गेली की गोदामाचं इंटरनेटही जातं. सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉप चालवणं शक्य असेल तर चित्र उलटतं: बोलकं काम सर्व्हरच्या शेजारीच होतं, तारेवरून फक्त पडद्याचं चित्र येतं, आणि दोन्हीकडच्या इंटरनेटवरचा व्हीपीएन (इंटरनेटमधूनच काढलेला एन्क्रिप्टेड बोगदा) पुरतो. लाइनची ऑर्डर देण्याआधी हा प्रयोग एक आठवडा करून बघा.

दरपत्रक वाचताना एवढं माहीत असू द्या, की प्रायव्हेट लाइनचा खर्च अंतरावर आणि दोन्ही टोकांच्या लास्ट माइलवर (जवळच्या केंद्रापासून तुमच्या दारापर्यंतचा तुकडा) ठरतो, तर इंटरनेटचा मुख्यतः वेगावर आणि एकाच टोकाच्या लास्ट माइलवर.

प्रश्न : ब्रॉडबँडवर ३०० एमबीपीएस मिळतात. मग ५० एमबीपीएसचं डेडिकेटेड त्याहून कितीतरी महाग का?

उत्तर : ब्रॉडबँडचा ३०० हा आकडा कमाल वेगाचा आहे, हमीचा नाही. फायबर ब्रॉडबँड बहुतेक ठिकाणी जीपॉन पद्धतीने येतं. तिच्यात एका पोर्टमधून खाली येणारे सुमारे २.५ जीबीपीएस आणि वर जाणारे सुमारे १.२५ जीबीपीएस स्प्लिटरने ३२ किंवा ६४ घरांत वाटलेले असतात. ३२ जणांनी एकदम मागितलं तर प्रत्येकाच्या वाट्याला खाली ७७ आणि वर ३९ एमबीपीएसच्या आसपास. त्यापुढे पुरवठादाराच्या जाळ्यातही वाटणी असते. दिवसा कार्यालयाच्या वेळेत हे जाणवत नाही, संध्याकाळी जाणवतं. बॅकअप, व्हिडिओ बैठका आणि कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग बाहेर पाठवणाऱ्यांना मुख्य त्रास अपलोडचा होतो.

जास्तीचे पैसे वेगाइतकेच दुरुस्तीच्या हमीसाठीही असतात. डेडिकेटेड जोडणीच्या करारात लाइन किती तासांत दुरुस्त होईल हे लिहिलेलं असतं, ब्रॉडबँडमध्ये सहसा नसतं. तरीही ज्या दहा-पंधरा माणसांच्या कार्यालयात ईमेल आणि वेबवरचं काम एवढंच होतं, तिथे एका डेडिकेटेडपेक्षा दोन वेगळ्या पुरवठादारांची दोन ब्रॉडबँडं आणि ती आपोआप बदलणारा राउटर जास्त उपयोगी ठरतात.

प्रश्न : ५०० एमबीपीएसची प्रायव्हेट लाइन घेतली. पिंग (जाऊन-येऊन लागणारा वेळ) ४० मिलिसेकंद येतो आणि स्थिर आहे. पण एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर फाइल कॉपी केली की वेग १३ एमबीपीएसच्या वर जात नाही. पुरवठादार म्हणतो लाइन ठीक आहे.

उत्तर : पुरवठादार खरं बोलत असण्याची शक्यता बरीच आहे. १३ हा आकडा ओळखीचा आहे. टीसीपी, म्हणजे पोचपावती घेत डेटा नेणारी पद्धत, पावती येईपर्यंत ठरावीक डेटाच पाठवून ठेवतो, त्या डेटाला विंडो म्हणतात. विंडो ६४ केबी आणि फेरी ४० मिलिसेकंदांची असेल तर एका प्रवाहाला कमाल १३.१ एमबीपीएस मिळतात, मग लाइन कितीही मोठी असो. ५०० एमबीपीएस पूर्ण भरायला या अंतरावर अडीच एमबीची विंडो लागते. आजच्या ऑपरेटिंग सिस्टिम ती आपोआप वाढवतात. ती अडकते दोन ठिकाणी: जुन्या स्टोरेज बॉक्समध्ये, किंवा विंडो स्केलिंगचा (६४ केबीपेक्षा मोठी विंडो वापरू देणारा) पर्याय पॅकेटमधून (डेटाचा छोटा गठ्ठा) काढून टाकणाऱ्या फायरवॉलमध्ये.

पण फसवणारी एक गोष्ट इथेच आहे. ४० मिलिसेकंदांवर हजारात एक पॅकेट गळत असेल तर जुन्या पद्धतीच्या टीसीपीचा एक प्रवाह ११ एमबीपीएसच्या आसपास अडकतो. म्हणजे दोन अगदी वेगळे दोष जवळजवळ सारखाच आकडा दाखवतात. ते वेगळे करायचे असे: दोन्ही टोकांना एकेक लॅपटॉप थेट लाइनच्या हँडऑफला (पुरवठादाराची लाइन तुमच्या हाती येते ते पोर्ट) जोडा, मध्ये फायरवॉल नको. आयपर्फ३ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रामने एका प्रवाहाची चाचणी पाच मिनिटं चालवा. आलेख सपाट रेषेत १३वर बसला तर विंडोचा दोष. करवतीच्या दात्यांसारखा वर-खाली होत असेल तर पॅकेट गळताहेत. आणि वेग थेट शेकड्यांत गेला तर दोष तुमच्या फायरवॉलचा किंवा सर्व्हरचा, लाइन बरी आहे. गळतीचा संशय आला तर यूडीपीने (पोचपावतीची वाट न बघणारी पद्धत) ४५० एमबीपीएस पाठवा आणि पलीकडे किती पॅकेट हरवली ते वाचा. लाइनच्या क्षमतेच्या आत एवढं पाठवूनही गळती दिसली तर तक्रार पुरवठादाराकडे न्या, आकड्यासकट.

गळती फक्त टीसीपीच्या वेळी दिसते, यूडीपीच्या संथ सम प्रवाहात दिसत नाही, असंही होतं. त्याचं कारण पोलिसिंग. हँडऑफचं पोर्ट १ जीबीपीएसचं असतं आणि घेतलेली क्षमता ५००. तुमचा सर्व्हर क्षणभर पूर्ण १ जीबीपीएसने पॅकेटांचा लोंढा सोडतो. पुरवठादाराचं उपकरण ५००च्या वरची पॅकेट रांगेत न ठेवता सरळ टाकून देतं. उपाय तुमच्या बाजूला आहे: राउटरच्या बाहेर जाणाऱ्या पोर्टवर शेपिंग लावा आणि ते क्षमतेच्या ९५ टक्क्यांवर, म्हणजे ४७५वर ठेवा. तेवढ्याने लोंढा तुमच्या राउटरच्या रांगेत थांबतो आणि गळती थांबते. हे दोन्ही टोकांना करायचं. एका टोकाला केलं तर फक्त एका दिशेचा वेग सुधारतो. लाइन सुरू करताना ही एक पायरी जवळजवळ सगळीकडे राहून जाते, आणि मग महिनोन्‌महिने पुरवठादाराशी पत्रव्यवहार चालतो.

हँडऑफ १०० एमबीपीएसच्या तांब्याच्या केबलवर असेल तर डुप्लेक्सही (डेटा दोन्ही दिशांनी एकाच वेळी जातो, म्हणजे फुल, की आळीपाळीने, म्हणजे हाफ) तपासा. एका बाजूला ‘१०० फुल’ हाताने घातलं आणि दुसरीकडे ऑटो ठेवलं, तर ऑटो असलेली बाजू हाफ डुप्लेक्स धरते. पिंग व्यवस्थित येतो, भार वाढला की सगळं रांगायला लागतं. पोर्टच्या काउंटरमध्ये एका बाजूला लेट कोलिजन आणि दुसरीकडे सीआरसी त्रुटी वाढताना दिसल्या की हाच रोग समजा. दोन्हीकडे ऑटो ठेवा. १ जीबीपीएसच्या तांब्याच्या जोडणीत तर ऑटो-निगोशिएशन मानकानुसार अनिवार्यच आहे.

प्रश्न : १ जीबीपीएसच्या लाइनवर चाचणीत ९४०च दिसतात. ६० कुठे गेले?

उत्तर : कुठेही गेले नाहीत. इथरनेटवर प्रत्येक पूर्ण पॅकेट तारेवर १५३८ बाइट जागा घेतं आणि त्यात तुमचा खरा डेटा १४४८ ते १४६० बाइट असतो. उरलेली जागा शीर्षकं आणि दोन पॅकेटांमधल्या सक्तीच्या अंतराची. ९४१ ते ९४९ दिसले की लाइन पूर्ण मिळते आहे.

प्रश्न : प्रायव्हेट लाइन इंटरनेटपासून वेगळीच असते. मग तिच्यावर एन्क्रिप्शनची गरज काय?

उत्तर : वेगळी असते, गुप्त नसते. तुमचा डेटा पुरवठादाराच्या त्याच उपकरणांतून इतर ग्राहकांसोबत जातो. वेगळेपणा ठेवणारी गोष्ट म्हणजे व्हीलॅनचा टॅग किंवा एमपीएलएसचं लेबल, म्हणजे पॅकेट कुठल्या ग्राहकाचं हे सांगणारी खूण. कुणीतरी चुकीचा टॅग लावला, देखभालीसाठी पोर्टची नक्कल काढली किंवा वाटेतली फायबर कुणी टॅप केली, तर मजकूर जसाच्या तसा वाचता येतो. प्रायव्हेट लाइनमुळे खरा फायदा वेगळा होतो. जगातल्या कुणालाही तिचा पत्ता लागत नाही, त्यामुळे डीडॉससारखा (असंख्य यंत्रांवरून एकदम होणारा खोट्या रहदारीचा मारा) हल्ला थेट तिच्यावर येत नाही. डेडिकेटेड इंटरनेटवर मात्र १०० एमबीपीएसची लाइन भरून टाकायला हल्लेखोराला फार कष्ट पडत नाहीत, आणि तुमची फायरवॉल कितीही चांगली असली तरी पाणी दारात पोचायच्या आधीच नळ भरलेला असतो. तिथे पुरवठादाराच्या बाजूचंच संरक्षण विचारून घ्यावं लागतं.

रुग्णांची माहिती, पगार, कार्डांचे व्यवहार असं काही लाइनवरून जात असेल तर एन्क्रिप्शन कराच. दोन वाटा आहेत. मॅकसेक (तारेवरची पॅकेट, म्हणजे फ्रेम, एन्क्रिप्ट करणारी पद्धत) स्विचच्या हार्डवेअरमध्ये पूर्ण वेगाने चालतं आणि पॅकेटमागे जास्तीत जास्त ३२ बाइट वाढवतं. ते अडतं तीन जागी. पुरवठादाराचं जाळं वाढलेली फ्रेम नेत नसेल तर मोठी पॅकेट गायब होतात. किल्ल्यांची देवाणघेवाण करणाऱ्या फ्रेम एका खास पत्त्यावर जातात आणि बरेच स्विच त्या पुढे न नेता गिळतात, म्हणून त्या पारदर्शकपणे नेल्या जातील हे ऑर्डरमध्ये लिहून घ्या किंवा तो पत्ता बदलता येईल असं उपकरण निवडा. आणि लाइन व्हीलॅनवर आधारलेली असेल तर टॅग उघडा ठेवण्याची सोय उपकरणात हवी. टॅगही एन्क्रिप्ट झाला तर पुरवठादाराला पॅकेट कुठे न्यायचं हेच कळत नाही.

दुसरी वाट आयपीसेकची, म्हणजे एन्क्रिप्टेड टनेलची. ती कुठल्याही लाइनवर चालते, पण पॅकेटमागे साधारण ५० ते ८० बाइट खाते, आणि फायरवॉलची क्षमता बघताना माहितीपत्रकातला मोठा ‘फायरवॉल’ आकडा न बघता ‘व्हीपीएन’चा आकडा बघावा लागतो. तो बराच लहान असतो. आयपीसेक सुरू केल्यावर पिंग येतो, लॉगिनचं पान उघडतं, पण मोठी फाइल अर्ध्यावर थिजते, असं झालं तर पॅकेटच्या आकाराचा दोष आहे. वाटेत कुणीतरी आयसीएमपीचे (उपकरणांनी एकमेकांना पाठवायचे निरोप) काही प्रकार अडवलेले असतात, त्यामुळे ‘पॅकेट मोठं झालं’ हा निरोप पाठवणाऱ्यापर्यंत पोचत नाही. टनेलवर टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमधला जास्तीत जास्त डेटा) १३६०वर बांधा, बहुतेक वेळा प्रश्न तिथेच सुटतो.

प्रश्न : करारात ९९.९ टक्के अपटाइम आहे. तरी लाइन एकदा अख्खी दुपार बंद होती. हा करारभंग नाही का?

उत्तर : बहुधा आहे. फक्त त्याचं फळ काय मिळतं ते वाचा. ३० दिवसांच्या महिन्यात ९९.९ टक्के म्हणजे ४३ मिनिटं बंद राहण्याची मुभा, ९९.५ टक्के म्हणजे ३ तास ३६ मिनिटं आणि ९९.९९ टक्के म्हणजे सव्वाचार मिनिटांच्या थोडं वर. मुभा ओलांडली की सहसा भाड्यातून थोडी सूट मिळते, तीही तुम्ही ठरलेल्या मुदतीत लेखी मागितली तरच. तुमच्या बुडालेल्या धंद्याशी त्या सवलतीचा काही संबंध नसतो.

सही करायच्या आधी हे शब्द शोधा. बंद पडल्याची वेळ लाइन पडली तेव्हापासून मोजली जाते की तक्रार नोंदवल्यापासून? नियोजित देखभाल वगळली आहे का, आणि तिला महिन्याला किती तासांची मर्यादा आहे? हमी तुमच्या दारापर्यंत आहे, की पुरवठादाराच्या एका केंद्रापासून दुसऱ्या केंद्रापर्यंतच? शेवटचा मुद्दा सगळ्यांत घातक, कारण फायबर बहुतेक वेळा तुमच्या दारापासून जवळच्या केंद्रापर्यंतच्या तुकड्यातच तुटते. दुरुस्तीचे चार तास ही सरासरी आहे की कमाल, हेही विचारा.

लेटन्सी (डेटा पोचायला लागणारा वेळ) आणि जिटरच्या (त्या वेळातला चढउतार) हमीत ‘मासिक सरासरी’ लिहिलेलं असेल तर तिचा फारसा उपयोग नाही. महिन्याच्या ७२० तासांपैकी दोन तास लेटन्सी ५ वरून २०० मिलिसेकंदांवर गेली, तरी सरासरी साडेपाचच्या आसपासच राहते. ते दोन तास फोनवरचं बोलणं मात्र अशक्य झालेलं असतं. पाच मिनिटांच्या मोजमापावर हमी मागा आणि स्वतःचं मोजमाप वेगळं ठेवा. दर मिनिटाला पिंग नोंदवणारा एक छोटा संगणक पुरतो.

प्रश्न : मुद्दाम दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइन घेतल्या. रस्ता खणताना दोन्ही एकदम तुटल्या. असं कसं होऊ शकतं?

उत्तर : बिलावरची नावं दोन होती, खड्ड्यातली डक्ट (केबलची जमिनीखालची नळी) एकच. पुरवठादार एकमेकांकडून फायबर भाड्याने घेतात, आणि इमारतीत शिरायची वाट तर बहुधा एकच असते. म्हणून दुसरी लाइन मागवताना कंपनीचं नाव पुरेसं धरू नका. दोघांकडून मार्गाचा नकाशा केएमझेड फाइलमध्ये मागा आणि दोन्ही एकाच नकाशावर उघडून बघा. इमारतीतला प्रवेश, बाहेरची डक्ट आणि जवळचं केंद्र, या तिन्ही गोष्टी वेगळ्या हव्यात. मार्ग पुढे बदलला तर आधी लेखी कळवायचं, हे कलम घाला, कारण दुरुस्तीच्या वेळी पुरवठादार लाइन दुसऱ्या मार्गावर वळवतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. वेगळी डक्ट मिळतच नसेल तर दुसरी जोडणी रेडिओ लिंकवर किंवा मोबाइल नेटवर्कवर घ्या. वेग कमी मिळेल, पण फावड्याची भीती राहत नाही.

एक लाइन पडल्यावर काम दुसरीवर जायला किती वेळ लागतो हेही तपासा. प्रायव्हेट लाइन मध्येच तुटली तरी तुमचं पोर्ट हिरवंच राहतं, कारण ते शेजारच्या पुरवठादाराच्या डब्याला जोडलेलं असतं आणि तो डबा चालू असतो. राउटरला तुटल्याचं कळतं ते रूटिंग प्रोटोकॉलची (राउटर एकमेकांना मार्ग कळवतात ती पद्धत) वाट बघून: ओएसपीएफ बऱ्याचदा ४० सेकंद थांबतो, बीजीपी ९० किंवा १८०. त्यावर बीएफडी (लाइन जिवंत आहे का हे सतत तपासणारी सोय) लावा. ३०० मिलिसेकंदांचं अंतर आणि तीन चुका एवढ्यावर ठेवलं तर एका सेकंदाच्या आत लाइन बदलते. इंटरनेटच्या बाबतीत फक्त पुरवठादाराच्या गेटवेला पिंग करून तपासणी ठेवू नका. गेटवे जिवंत आणि पुढचं सगळं बंद, असं वारंवार घडतं. पलीकडचे दोन-तीन स्वतंत्र पत्ते तपासा आणि ते सगळे गेले तरच लाइन बदला.

शेवटी दूरच्या टोकाची केबल खरोखर काढून बघा. जवळची काढली तर पोर्ट लगेच बंद होतं आणि चाचणी खोटं समाधान देते.

प्रश्न : आमच्या सहा शाखा आहेत. सगळ्या एकमेकींना प्रायव्हेट लाइनने जोडायच्या तर?

उत्तर : प्रत्येकीला प्रत्येकीशी जोडलं तर १५ लाइन लागतील. मुख्य शाखा मध्ये धरली तर ५. पाच वेगळी पोर्टं घेण्याऐवजी मुख्य शाखेत व्हीलॅनवर आधारलेली इथरनेट लाइन मागा: एकच पोर्ट, आणि त्यात शाखेगणिक एक टॅग. शाखांचं एकमेकींशीही बरंच काम असेल तर पुरवठादाराचा एमपीएलएस व्हीपीएन सोपा पडतो, प्रत्येक शाखेची एकच लाइन त्याच्या जाळ्यात जाते.

मात्र शाखांचं निम्म्याहून जास्त काम क्लाउडवर असेल तर ही सगळीच रचना उलटी पडते. शाखेतला माणूस क्लाउडवरचं पान उघडतो, डेटा आधी मुख्य शाखेत येतो, तिथून बाहेर जातो आणि त्याच वाटेने परततो. अशा ठिकाणी प्रत्येक शाखेला स्वतःचं इंटरनेट आणि वर एसडी-वॅनचे (सगळ्या शाखांच्या जोडण्या एका जागेवरून सॉफ्टवेअरने सांभाळणारी पद्धत) एन्क्रिप्टेड टनेल, हीच मांडणी आम्ही सुचवू. प्रायव्हेट लाइन फक्त त्या जोडीपुरती ठेवा जिथे डेटाबेसची समकालिक प्रत ठेवायची आहे. तिथे प्रत्येक लेखन पलीकडून पावती येईपर्यंत थांबतं, आणि फायबरच्या प्रत्येक १०० किलोमीटरमागे १ मिलिसेकंद वाढतो. तो वेळ स्थिर राहणं महत्त्वाचं असतं.

प्रश्न : क्लाउडपर्यंत प्रायव्हेट लाइन घेता येते का? घ्यावी का?

उत्तर : येते. एडब्ल्यूएस डायरेक्ट कनेक्ट, अ‍ॅझ्युर एक्स्प्रेसरूट आणि गूगल क्लाउड इंटरकनेक्ट हे त्याचेच प्रकार. तिन्हींमध्ये व्हीलॅन आणि बीजीपी लागतात, त्यामुळे बीजीपी सांभाळणारा माणूस हवा. रोज मोठा डेटा क्लाउडवर नेत असाल तर विचार करा. १ टीबी न्यायला १०० एमबीपीएसवर २२ तास लागतात, १ जीबीपीएसवर सव्वादोन. फक्त ईमेल आणि कागदपत्रांसाठी घेऊ नका. मायक्रोसॉफ्ट ३६५साठी एक्स्प्रेसरूटची शिफारस खुद्द मायक्रोसॉफ्टही सर्वसाधारण ग्राहकाला करत नाही.

प्रश्न : पुढच्या महिन्यात लाइन बसवायला माणसं येणार आहेत. स्वीकारण्याआधी काय तपासावं?

उत्तर : माणसं यायच्या आधी इमारतीची परवानगी, फायबर आत यायची जागा, रॅकमधली जागा आणि यूपीएसवरचा सॉकेट तयार ठेवा. पुरवठादाराचा डबा साध्या सॉकेटवर राहिला की वीज जाताच लाइन जाते.

हँडऑफ फायबरचा असेल तर एसएफपी (पोर्टमध्ये बसणारा, फायबर जोडायचा छोटा भाग) आधीच जुळवा. ८५० नॅनोमीटरचा मल्टिमोड एसएफपी १३१० नॅनोमीटरच्या सिंगलमोडशी कधीच बोलणार नाही. लिंक आली नाही तर आधी पॅच कॉर्डची दोन टोकं अदलाबदल करून बघा, मग टोकं क्लीनरने पुसा. हिरवा कनेक्टर निळ्यात घालू नका. हिरव्याचं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं आणि मध्ये हवेची फट राहते. मग एसएफपीवर येणाऱ्या प्रकाशाची पातळी वाचून लिहून ठेवा. १० जीबीपीएसच्या एलआर प्रकारात −१४.४ डीबीएमच्या खाली काम बिघडतं. −१३ दिसत असेल तर लाइन आज चालेल, पण एक वाकलेली कॉर्ड तिला पाडायला पुरेशी आहे. निदान ३ डीबीची शिल्लक मागा.

लाइनचा वेग आणि गळती मोजणाऱ्या आरएफसी २५४४ किंवा वाय.१५६४ चाचणीचा अहवाल हातात घ्या. तो तुमच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा हवा आणि त्यात ६४ ते १५१८ बाइटपर्यंतचे सगळे आकार हवेत. फक्त १५१८चा आकडा नेहमीच सुंदर येतो. स्वतः १४७२ बाइटचा, तुकडे न करता जाणारा पिंग पाठवा. तो पोचला तर पूर्ण १५०० बाइटचं पॅकेट जातंय. त्यानंतर चोवीस तास भार देऊन ठेवा.

सर्किट क्रमांक आणि तक्रारीचा क्रमांक डब्यावरच चिकटवा, आणि जुनी लाइन निदान एक महिनाअखेर पार पडेपर्यंत बंद करू नका.

प्रश्न : डेडिकेटेड इंटरनेटसोबत ८ स्टॅटिक आयपी मिळाले, पण वापरता येतात ५च. आणि पुरवठादार बदलला तर हेच पत्ते राहतील का?

उत्तर : ८च्या गटातला पहिला आणि शेवटचा पत्ता उपकरणांना देता येत नाही, एक पुरवठादाराच्या गेटवेला जातो, उरतात ५. हिशेब बरोबर आहे.

पत्ते पुरवठादाराचे असतात, बदलल्यावर परत द्यावे लागतात. बदलाच्या दोन-तीन दिवस आधी डीएनएसमधला (नावावरून पत्ता सांगणारी यादी) टीटीएल, म्हणजे जुनी नोंद इतरत्र किती वेळ धरली जाते तो आकडा, ३०० सेकंदांवर आणा. ज्या बँका किंवा ग्राहक फक्त तुमच्या पत्त्यालाच आत घेतात त्यांना नवे पत्ते आधी कळवा, आणि जुने पत्ते त्यांच्या यादीत काही आठवडे राहू द्यायला सांगा. स्वतःचा मेल सर्व्हर असेल तर नव्या पुरवठादाराकडून पीटीआर नोंद (पत्त्यावरून नाव सांगणारी) करून घ्या. ती राहून गेली की तुमचे ईमेल समोरच्याच्या स्पॅममध्ये जायला लागतात, आणि कारण शोधण्यात आठवडा जातो.